कपाटातला बल्ब

जलविद्युत केंद्राची आकृती मी सोलापूरच्या शाळेत वर्षानुवर्षे फळ्यावर काढली. डावीकडे डोंगर, त्यामागे निळ्या खडूने भरलेला जलाशय, उतारावरून खाली येणारा नळ आणि तळाशी जनित्र. प्रत्यक्ष जलाशय पाहण्याचा योग मात्र निवृत्तीनंतर आला, तोही मुलीमुळे. आमची एकुलती एक मुलगी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील एका जलविद्युत प्रकल्पात अभियंता आहे. गेल्या श्रावणात आम्ही दोघे तिच्याकडे गेलो.

आमचे हेतू वेगवेगळे होते. मला जलाशय पाहायचा होता; पत्नीला मुलगी परत आणायची होती. आमच्याकडे टेंभुर्णीजवळ भीमेवरच्या धरणालाही लहानसे वीजगृह आहे. तिथे बदली मागण्याची मुदत त्या महिन्याच्या अखेरीस संपणार होती. टेंभुर्णीहून मुलीला दर रविवारी घरी येता आले असते. घाटमाथ्यावरून ती दिवाळीला आली तरी पुष्कळ.

"तुमी मधे बोलू नका," हिने गाडीतच बजावले. "मी विचारीन तिला. सावकाशीनं."

हिच्या मांडीवर कडक भाकरीचा डबा होता. ज्यांनी ती खाल्लेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: ज्वारीची भाकरी पापडाइतकी पातळ थापायची आणि तिच्यातले पाणी पुरते जाईपर्यंत मंद आचेवर शेकायची. मोडली की कट्कन आवाज झाला पाहिजे. सोबत तेल सुटलेली शेंगाचटणी असली की आमच्याकडचा माणूस कुठेही जेवू शकतो. ही भाकरी महिना-महिना टिकते. त्याचे श्रेय आम्ही करणारीच्या हाताला देतो. त्यात आमच्या कोरड्या हवेचाही वाटा असतो, हे मला त्या प्रवासात उमगले.

मुलीच्या क्वार्टरवर पोहोचताच हिने घरच्या शिरस्त्याप्रमाणे भाकऱ्या डब्यातून काढल्या, दुरडीत उभ्या रचल्या आणि वर पातळ फडके टाकले. डब्यात कोंडलेल्या भाकरीला वास लागतो, तिला मोकळी हवा हवी, हा आमच्या घरातला नियम. सोलापुरात तो अगदी बरोबर आहे.

सकाळी हिने दुरडीतली वरची भाकरी उचलली, तर ती बोटांवरून दोन्हीकडे लोंबली.

"रुमाल झाला की हो हिचा," ही म्हणाली.

मुलगी कामावर निघाली होती. बुटाची नाडी बांधता बांधता तिने आईकडे वर पाहिले. "असू दे अव्वा. टाकू नकोस, तशीच ठेव."

"काय ठेवू? एका रात्रीत ही गत. जितं भाकरी राहत न्हाय, तितं माणसानं कसं राहायचं?"

मुलगी दुसऱ्या बुटाची नाडी बांधू लागली. तेव्हा मीच हवेतील बाष्प, समुद्रावरून येणारे वारे आणि घाटाचा अडसर यांचा संबंध समजावू लागलो.

"मास्तर," ही म्हणाली, "शाळा सुटली. घंटा कवाच झाली."

दुपारी मुलगी आम्हाला धरणावर घेऊन गेली. पाऊस थोडा थांबला होता. 'उष्णकटिबंधीय सदाहरित अरण्य' हे शब्द मी किती मुलांकडून पाठ करून घेतले असतील. त्या शब्दांना वास असतो हे ठाऊक नव्हते. कुजणारी पाने, ओली साल आणि कुठेतरी उमललेले, न दिसणारे फूल यांचा तो एकत्र वास होता. उंच झाडांखाली मध्यम झाडे, त्यांखाली झुडपे, आणि त्या सर्वांवर शेवाळाचे अस्तर. पाऊस थांबला तरी झाडे गळतच होती. पलीकडे जलाशय पसरला होता. माझ्या फळ्यावर तो निळा असे. इथे तो आधी राखाडी होता, मग ढग सरकला तसा काठाच्या झाडांमुळे हिरवा झाला.

"एवढं पाणी," ही हळूच म्हणाली. आमच्या गल्लीत नळाला पाणी येते तेव्हा सगळी कामे सोडून धावणारी बाई ती. मग पाण्याकडे पाहतच तिने विचारले, "टेंभुर्णीचा अर्ज केलास का गं?"

"नाही केला, अव्वा."

"मुदत संपत आली की."

"माहीत आहे. मला इथं आवडतं."

"इथलं कुणी हाय का? असलं तर सांग. आमी काय खाऊ का त्याला?"

"आहेत की, चौघं," मुलगी गंभीरपणे म्हणाली. "चारही यंत्रं माझ्यापेक्षा वयानं मोठी. रोज एकाचं तरी अंग दुखतं. मी गेल्याशिवाय गप्प बसत नाहीत."

ही हसली, पण अर्धेच. परतताना सर आली आणि आम्ही तिघे निथळत घरी पोहोचलो.

मुलगी चहा ठेवायला गेली. कोरडा टॉवेल शोधण्यासाठी हिने खोलीतले कपाट उघडले, आणि पिवळा उजेड तिच्या तोंडावर पडला. कपाटाच्या तळाशी जाळीच्या पिंजऱ्यात एक बल्ब जळत होता. वरच्या कप्प्यांत कपडे होते. त्या भागात पावसाळाभर कपाटात असा बल्ब ठेवतात, नाहीतर कपड्यांना बुरशी धरते. पण बल्बच्या लगतच्या कप्प्यात कपडे नव्हते. तिथे सकाळच्या सगळ्या भाकऱ्या एकमेकींना न चिकटतील अशा उभ्या लावल्या होत्या. मुलगी दुपारी आम्हाला न्यायला आली, तेव्हाच तिने त्या तिथे ठेवल्या असाव्यात. त्यांच्यामागे जुना डबा होता; संक्रांतीला हिनेच पाठवलेला. त्यात तीळ लावलेल्या थोड्या भाकऱ्या अजून शिल्लक होत्या.

हिने त्यातली एक मोडली. कट्कन आवाज झाला.

मुलगी चहा घेऊन दारात उभी होती. "एकदम संपवत नाही मी," ती म्हणाली. "रात्रपाळीहून आले की अर्धी खाते."

"संक्रांतीपासनं?"

"मग काय. तू परत कधी पाठवशील, काय सांगावं."

ही कपाटासमोर खाली बसली. बल्बजवळ तळवा धरून तिने ऊब पाहिली, तव्याचा ताव पाहते तशी. मग म्हणाली, "जरा लांब ठेवत जा. कडा करपायल्यात."

उरलेल्या मुक्कामात टेंभुर्णीचे नाव निघाले नाही. परतीच्या गाडीत मी विषय काढला, तेव्हा ही खिडकीबाहेर पाहत एवढेच म्हणाली, "राहू द्या आता."

घरी आल्यावर मात्र हिने मला कामाला लावले. आता सगळीकडे एलईडीचे दिवे मिळतात. ते उजेड देतात, पण भाकरी वाळवण्याइतकी ऊब देत नाहीत. हिला जुना, आत तार असलेला पिवळा बल्ब हवा होता. मी बरीच दुकाने फिरलो. शेवटी एका जुन्या दुकानदाराने माळ्यावरून धूळ झटकून एक खोका काढून दिला.

दिवाळीआधी नवा डबा भरला. भाकऱ्यांच्या मधोमध हिने नॅपकिनमध्ये गुंडाळून दोन बल्ब ठेवले.

"एक पुरेल की," मी म्हणालो.

"असू द्या," ही म्हणाली. "ती काय एवढ्यात येत न्हाय."