काकांनी दिलेल्या गोळ्या

मशीनवर बसली की मावशी आधी एका चिंधीवर चार टाके घालायची. चिंधी उलटी करून उजेडात धरायची, मागची बाजू न्याहाळायची आणि मगच गिऱ्हाइकाचा कपडा सुईखाली सरकवायची. "समोरून काय, सगळेच टाके गोड दिसतात," म्हणायची. कपडे उसवणं, आत घेणं, बाहेर सोडणं हे तिचं काम. नवे कपडे ती शिवत नसे. "नवा कपडा घट्ट झाला तर शिंपी वाईट. जुना घट्ट झाला तर पोट वाईट. मला पोटाशी भांडण परवडतं."

तिची खोली काकांच्या औषधांच्या दुकानामागे होती. मधल्या भिंतीत ताटाएवढी खिडकी. दिवसभर दोघांचा संसार त्या खिडकीतून चालायचा.

"आमच्याकडे पुढे माणूस दुरुस्त होतो आणि मागे त्याची विजार," काका गिऱ्हाइकांना सांगत.

आतून आवाज यायचा, "विजार पुन्हा पुन्हा बिघडून येत नाही, तेही सांगा!"

मावशीच्या हातांवर आणि छातीवर लालसर पुरळ उठलं, तेव्हा कापडातल्या खळीचं निमित्त असेल असं दोघांनाही वाटलं. काकांनी ऍलर्जीची गोळी दिली. खाज थांबेना. मग अंगात ताप राहू लागला, मानेत आणि काखेत गाठी हाताला लागू लागल्या. काकांनी मागच्या कप्प्यातली छोटी पांढरी गोळी काढली. स्टेरॉइड. अर्धं आयुष्य औषधांत काढल्यावर घरच्या माणसासाठी डॉक्टरची चिठ्ठी कशाला, असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं. थोड्याच दिवसांत पुरळ मावळलं, गाठी विरल्या.

"औषधवाल्याशी लग्न केल्याचा काहीतरी फायदा झाला की नाही?"

"झाला बाई एकदाचा. मी आशाच सोडली होती," मावशी म्हणाली.

गोळ्या थांबल्या की गाठी परत यायच्या. गाठी आल्या की गोळ्या. या ये-जा करण्यात मावशीने स्वतःचे कपडे आत घेतले. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहत होते. विचारलं, तर म्हणाली, "सैल कपड्यात माणूस गबाळं दिसतं." तेच कपडे आणखी आत घ्यायला ती पुन्हा उसवायला बसली, त्या दिवशी मी तिला हाताला धरून मोठ्या दवाखान्यात नेलं. काका दुकान बंद करून मागोमाग आले.

डॉक्टर तरुण होत्या, बोलायला मोजक्या. त्यांनी मान, काख, पोट चाचपून पाहिलं.

"याआधी कोणती औषधं घेतलीत?"

मावशीने तोंड उघडण्याआधीच काका म्हणाले, "साध्याच. ऍलर्जीच्या."

मी काकांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मला तेव्हा गोळ्यांची नावं ठाऊक नव्हती. माणूस घाबरलाय एवढंच कळलं.

गाठीत सुई घालून नमुना घेतला. निश्चित काही सांगता येत नाही, असं उत्तर आलं. पुन्हा सुई, पुन्हा तेच. पुढच्या खेपेला डॉक्टर अहवाल चाळत असताना मावशी काकांकडे न बघता म्हणाली, "डॉक्टर, मी छोट्या पांढऱ्या गोळ्याही घेतेय. स्टेरॉइडच्या. हे नको नको म्हणत होते, मीच हट्ट केला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, त्या गोळ्यांनी गाठीतल्या पेशी तात्पुरत्या दबतात. मग सुईला सापडणार काय?"

काकांची मान खाली गेली, ती घरी येईपर्यंत वर आली नाही. दाराशी कुलूप काढताना ते म्हणाले, "खोटं कशाला बोललीस?"

"गोळ्या घेतल्या हे खरंच होतं की."

गोळ्या हळूहळू बंद केल्या. गाठी फुगल्या, ताप चढला. या वेळी सुईवर न भागवता काखेतली एक गाठ अख्खी काढली. निदान झालं: रक्तातल्या टी-पेशींचा लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, तोही फार थोड्यांना होणारा. "ऍलर्जीचं सोंग घेऊन येतो, भलेभले फसतात," डॉक्टर काकांना म्हणाल्या. "वेळेवर सापडला तरी चिवटच असतो." त्या समजूत घालत होत्या. पण रोग आता हाडांच्या आतल्या मगजापर्यंत पोचला आहे, हेही त्यांना सांगावंच लागलं, आणि काकांनी तेवढंच ऐकलं.

केमोथेरपी ठरली. सलाइनमधून जाणारी औषधं आणि सोबत काही दिवस गोळ्या. काकांनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली.

"डॉक्टर, ही तर तीच गोळी."

"तीच. मात्रा मोठी आहे. एकटीने रोग फक्त लपतो. बाकीच्या औषधांसोबत ती उपयोगी पडते."

काकांच्या हातून ती गोळी मावशीच्या तळहातावर पडेना. पाकीट टेबलावर ठेवून ते मला हाक मारायचे. दुकानातही, काहीही मागितलं तरी, "डॉक्टरांना दाखवा." एक जुनं गिऱ्हाईक वैतागलं, "अहो, खोकला आहे, बाळंतपण नाही!" खिडकीतून मावशीचं हसू ऐकू आलं. काका हसले नाहीत.

पहिल्या दोन फेऱ्यांत गाठी उतरल्या. मावशीला भूक लागू लागली. आत घेतलेले कपडे पुन्हा सोडावे लागतील, म्हणून तिने टाके उसवायलाही घेतले. तिसऱ्या फेरीनंतर पांढऱ्या पेशी घसरल्या आणि छातीत न्यूमोनिया भरला. तिला पुन्हा दवाखान्यात हलवलं.

संध्याकाळी तिची शुद्ध हरपली आणि मग ती बोलली नाही. जे शेवटचं बोलली ते त्या दिवशी दुपारी. काका उशाशी बसले होते. तिने ओठांवरून जीभ फिरवली आणि तांब्याकडे बोट केलं. काकांनी पेला भरला, उठले आणि तो हातात धरून दारापर्यंत गेले.

"सिस्टर, हिला पाणी दिलं तर चालेल?"

"घोट घोट द्या की."

ते परत आले, पण पेला पुढे करेनात. माझ्याकडे बघून म्हणाले, "चालेल ना गं?"

मावशीने नाकातली नळी जराशी सरळ केली.

"अहो," ती म्हणाली, "पाणी तरी कुणाला न विचारता देत जा."