सुनंदाताईंची वल्ही

सुनंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी भुसावळच्या बाजारात भरिताची वांगी निवडत होते. फोन नानांचा, म्हणजे ताईंच्या यजमानांचा होता. "सुटली ती," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. आजाराला दीड वर्ष होऊन गेलं होतं, त्यामुळे धक्का बसला असं म्हणता येणार नाही. पण हातातली पिशवी तिथंच भाजीच्या गाडीवर राहिली, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

ताई मूळच्या शिरपूरकडच्या, तापीकाठच्या. जळगावच्या एका महाविद्यालयात त्यांनी खेळ शिकवले आणि निवृत्तीनंतर हतनूर धरणाच्या फुगवट्यावर त्या आमच्यासारख्या हौशी लोकांना कायाक चालवायला शिकवू लागल्या. कायाक म्हणजे एका माणसाची अरुंद होडी. पाय लांब करून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाणी ओढायचं. मी गेले तेव्हा माझा उजवा खांदा आखडलेला होता. विकतच्या वल्ह्यानं दोन रविवारांत तो इतका दुखला की मी येणं बंद करते म्हणाले. ताई हसल्या. "खांद्यानं वल्ह्यासारखं व्हायचं का? वल्ह्यालाच तुझ्यासारखं व्हायला लावू की!"

मग त्यांनी मला घरी बोलावून स्टुलावर बसवलं. उंची, बसल्यावर पाठ किती, खांद्यांची रुंदी, मुठीत दांडा कितपत मावतो, सगळं पाहिलं. मनगट फिरवून घेतलं. दोन्ही पाती एकाच रेषेत ठेवायची की एकाला थोडा पीळ द्यायचा, हे त्यावरून ठरतं म्हणे. मधेच विचारलं, "भाकरी कोणत्या हातानं थापतेस?" डोळे मिटून माझ्या पाठीवर हात ठेवून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. महिनाभरानं शिवणीच्या हलक्या लाकडाचं वल्हं माझ्या हातात आलं. पाती अरुंद, पीळ अजिबात नाही, आणि दांड्याला माझ्या उजव्या खांद्यासाठी एक बारीकसा बाक. पहिल्याच ओढीला होडी अशी सरकली, जणू कुणी मागून हलकेच ढकललं. खांदा मला आठवलासुद्धा नाही. त्या दिवशी मी किनाऱ्यावर येऊन चक्क रडले.

त्यांच्या हातची वल्ही आमच्यातल्या बहुतेकांकडे होती. हिवाळ्यात सकाळी पाण्यावर धुकं इतकं दाट असतं की पुढच्या होडीचं टोक दिसत नाही. पाण्याखाली गेलेल्या शेतांतली बाभळीची काळी खोडं तेवढी एकदम समोर येतात. अशा वेळी ताई किनाऱ्यावर उभ्या राहून नुसत्या वल्ह्याच्या आवाजावरून हाक मारायच्या, "मीनल, डावीकडे घे... खोड आहे." मी कुठं आहे हे त्यांना दिसणं शक्य नव्हतं.

वावगं काहीतरी पहिल्यांदा वाटलं ते किशोरभाऊंच्या वेळी. किशोरभाऊ बँकेत अधिकारी, धडधाकट माणूस. त्यांचं वल्हं तयार झालं आणि ते त्यांना बसेचना. उजवा हात वर न्यायला गेलं की दांडा आडवा येई. ते चिडले. "ताई, हे माझं मापच नाही!" ताईंनी वल्हं उलटंपालटं करून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "हात चुकला माझा," त्या म्हणाल्या. "दुसरं देते करून." दुसरं व्हायच्या आतच एरंडोलच्या रस्त्यावर किशोरभाऊंची मोटारसायकल घसरली आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. ते जुळलं, पण हात पूर्वीइतका वर जाईना. उन्हाळ्यात ते पुन्हा पाण्यावर आले आणि सहज म्हणून ते चुकलेलं वल्हं उचललं. ते त्यांना असं बसलं, जणू आत्ताच माप घेऊन केलं होतं. किशोरभाऊ खूश होते. ताई मात्र होडीकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

योगायोग, असं मी त्यांना पुष्कळ समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि स्वतःसाठी नवं वल्हं करायला घेतलं. त्या रंधा मारत असताना मी त्यांच्या घरामागच्या पडवीत बसले होते. डाव्या बाजूचं पातं उजव्याच्या निम्मंसुद्धा नव्हतं, आणि डाव्या मुठीच्या जागी दांड्याला खोलगट खाच होती, हात नुसता टेकवून ठेवता यावा अशी. "ताई, हे काय?" मी विचारलं. त्यांनी रंधा थांबवला. "मापं तर माझीच घेतली गं... पण हात तिकडेच जातो."

पावसाळा सरता सरता त्यांच्या डाव्या हातातून पेला सुटू लागला. जळगावच्या डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला, आणि तो वाढत जाणार हेही. शेवटचे काही रविवार ताई त्याच वल्ह्यानं पाण्यावर आल्या. डावा हात खाचेत टेकवलेला, उजव्यानं लांब ओढ. होडी रेषेत चालायची, वाकडी व्हायची नाही. त्या सुंदर दिसत होत्या आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. उतरताना त्या एकदा म्हणाल्या, "आता कुणाचंच करायचं नाही. लोकांना आपलं पुढचं काही कळू नये." त्यानंतर पडवीचं दार बंदच राहिलं. निदान मला तसं वाटत होतं.

तेराव्यानंतर नानांनी मला बोलावलं. बोलता बोलता ते आत गेले आणि जुन्या धोतरात गुंडाळलेलं वल्हं घेऊन आले. "हाई तुनं शे," म्हणत त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "मी लाकूड धरायचो, ती एका हातानं तासायची. कुणाले सांगू नका म्हने."

मी कापड सोडलं. वल्हं इतकं हलकं की हातात काही आहे असं वाटेना. लांबीला माझ्या वल्ह्यापेक्षा चांगलंच आखूड. दांडा बोटभर जाडीचा, पाती पिंपळपानाएवढी. नाना म्हणाले, "मले वाटनं, पोरगीनं शे." मलाही ते एखाद्या लहान मुलीचंच वाटलं असतं, पण दांड्यावर माझ्या उजव्या खांद्यासाठी ठेवलेला तो बारीकसा बाक होता. तो दुसऱ्या कुणाचा असूच शकत नव्हता. एवढं आखूड, एवढं बारीक... म्हणजे कंबरेतून वाकलेली, पाठ खचलेली, हातांची काडी झालेली बाई. ती म्हातारी असेल, की शेवटच्या दिवसांतल्या ताईंसारखी आजारी? मी वल्हं पुन्हा धोतरात गुंडाळलं.

"नाना, ताई काही बोलल्या का? कधी लागेल म्हणाल्या का?"

"तेवढंच इचारं मी बी," नाना म्हणाले. "ती नुसती हासनी."

मी डॉक्टरांकडे जाऊन तपासून आले. सगळं ठीक आहे म्हणाले. हतनूरला आम्ही अजून जातो, किशोरभाऊ शिकवायला लागलेत. हे वल्हं मी कधी पाण्यात घातलं नाही. ते स्वयंपाकघराच्या दारामागे उभं असतं. रोज सकाळी दूध तापत ठेवलं की मी ते उचलते, बैठकीत पाय लांब करून बसते आणि दांडा मुठीत धरून पाहते. माझी बोटं एकमेकांवर चढतात, कोपर गुडघ्याला लागतो. अजून बसत नाही. मग उठून गॅस बंद करते.