तेहतीसवर वाजलेली पंचेचाळीसची तबकडी

अपमान विसरायचा माझा स्वभाव नाही. बाकी सगळं विसरतो. चष्मा, गॅसचं बटण, लग्नाचा वाढदिवससुद्धा.

अमरावती-अकोल्याचे आम्ही पाच जण महिन्यातल्या एका रविवारी सकाळी जॅझ ऐकायला जमतो, बहुतेक अकोल्याला एका निवृत्त वकिलांकडे. आणणाऱ्यानं रेकॉर्डचं कव्हर लपवायचं, बाकीच्यांनी ऐकून ओळखायचं. सुई ठेवायचा मान घरमालकाचा.

मागच्या वर्षी मी माझी सगळ्यात लाडकी रेकॉर्ड नेली. आधी भाषणही ठोकलं: हा सॅक्सोफोनवाला कुणाला तरी पोचवून आल्यासारखा वाजवतो, माझे तर डोळे भरतात. वकीलसाहेबांनी तबकडीवरचा बारीक मजकूर वाचला, प्लेअरचा खटका पंचेचाळीसवर सरकवला आणि सुई ठेवली. निघाली नाचाची धून, तीही उडती! बारा वर्षं मी ती तेहतीसच्या स्पीडवर, म्हणजे रेंगाळत, ऐकत होतो.

वकीलसाहेब म्हणाले, "भाऊ, तो मानूस दुःखी नव्हता. तुमीच त्याले झोपवून राहिले होते!"

घरी बायको म्हणाली, "बारा वर्षं घरात सुतक पाळलं, आन् ती वरात होती!"

तेव्हापासून वकीलसाहेब दारातच विचारायचे, "या भाऊ, आज कोनत्या स्पीडवर आले?" बाकीचे तिघे दर वेळी नव्यानं हसायचे. मी ठरवलं, या माणसाला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडल्याशिवाय मरायचं नाही.

संधी मोर्शीला मिळाली, भाच्याच्या लग्नात. दुपारची पंगत बसली होती. बँडवाले जेवत होते आणि त्यांचा म्हातारा क्लॅरिनेटवाला मांडवामागे एकटाच काहीतरी स्वतःचं वाजवत होता. मी मोबाइलवर टिपलं, पुढच्या रविवारी अकोल्याला नेलं. "दुर्मीळ आहे," एवढंच म्हणालो.

वकीलसाहेबांनी डोळे मिटून ऐकलं. "न्यू ऑर्लीन्स. क्लबातलं लाइव्ह. मागं ताटं-चमचे आयकू येऊन राहिले ना?"

"ताटं पंगतीची आहेत, वकीलसाहेब. मोर्शी. माझ्या भाच्याचं लग्न. वाजवणारा बँडवाला."

एक जण हसता हसता सोफ्यावरून खाली आला. लग्नातल्या बासुंदीपेक्षा गोड क्षण होता तो.

वकीलसाहेब मात्र हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "पुन्हा लावा," म्हणाले. पुन्हा ऐकलं. "हा मानूस लयीच्या जरासा मागून येते. मुद्दाम थांबते. हे तुमी तिथं आयकलं होतं का?"

नव्हतं ऐकलं. मी गळ टाकून बसलो होतो. गळ टाकणारा पाणी कुठं बघतो?

"मले त्याच्याकडे घेऊन चला, भाऊ."

पडला तो, आणि लाजलो मी! पण नाही कसं म्हणणार? येत्या रविवारी निघतोय, माझ्याच गाडीनं. बँडवाल्याच्या घराकडचा शेवटचा रस्ता खड्ड्यांचा आहे आणि वकीलसाहेबांची कंबर धरलेली आहे. त्यांना मागच्या सीटवर बसवणार आहे.

स्पीड या वेळी मी ठरवणार.