तेजस्विनीचं जर्मन सेमिस्टर

आमच्या स्टाफरूममध्ये चार माणसं चहाला बसली की एखादा किस्सा निघतोच. बाकीचे चहाबरोबर संपतात. तेजस्विनीच्या क्रेडिटचे मात्र साठतच गेले, कारण नेमकं काय चाललंय हे आमच्यापैकी कोणालाच कळत नव्हतं!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाशिकबाहेरचं आमचं इंजिनिअरिंग कॉलेज. एका जर्मन विद्यापीठाशी करार झाला आणि सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षातली तेजस्विनी एका सेमिस्टरसाठी तिकडे शिकून आली. परत आली ती क्रेडिट घेऊन. आमच्याकडे चालायचे मार्क! ते क्रेडिट इथे धरले गेले नाहीत, तर पोरीचं अख्खं वर्ष वाया जाणार होतं.

प्राचार्यांनी हे काम माझ्या गळ्यात मारलं.

"सर, मीच का?"

"तुमच्याकडे पासपोर्ट आहे ना!"

होता. पण त्यावर आजवर एकही शिक्का उमटला नव्हता.

*

पहिला घोळ ग्रेडचा. प्रत्येक विषयापुढे १.३, १.७ असले आकडे. परीक्षा विभागातल्या जोशीबाईंनी चष्मा वर केला. "शंभरपैकी एक पूर्णांक तीन? सर, हिला ग्रेस देऊनसुद्धा काढता येणार नाही!"

मी तिकडे ईमेल केला. उत्तर आलं की त्यांच्याकडे एक म्हणजे सर्वोत्तम आणि पाच म्हणजे नापास.

जोशीबाईंनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाल्या, "म्हणजे शून्य मिळालं की गोल्ड मेडल?"

*

तेजस्विनीचे वडील नामपूरचे कांदा व्यापारी. वरचेवर एसटीने यायचे, माझ्यासमोर बसायचे आणि एवढंच विचारायचे, "सर, पोर पास शे का नापास शे?"

"काका, प्रोसेस चालू आहे."

"म्हंजे नापास!"

मग डोळे पुसत निघून जायचे. मला जेवण जायचं नाही.

*

मग विषय जुळवायची कमिटी बसली. आमच्या अभ्यासक्रमात सिंचन होतं. ती तिकडे बर्फ आणि हिमस्खलन शिकून आलेली.

"नाशिक जिल्ह्यात बर्फ पडतो कुठे?" एका मेंबरांनी विचारलं.

"इगतपुरीला गारा पडतात," दुसरे म्हणाले.

त्यावर गंभीरपणे चर्चा झाली. चहा आला, भजी आली. शेवटी सगळ्यात ज्येष्ठ मेंबर भजं संपवून म्हणाले, "बर्फ वितळला की पाणीच होतं ना? मग लिहा, सिंचन!"

*

त्यानंतर शिक्का. जर्मन गुणपत्रकावर गोल शिक्का नव्हता. ऑफिसने ते परत पाठवलं. तिकडून कळवलं की हे गुणपत्रक सही-शिक्क्याशिवाय वैध आहे.

आमचे हेडक्लार्क म्हणाले, "काही हरकत नाही. शिक्क्याशिवाय वैध आहे, असं त्यांच्याकडून लिहून आणा. फक्त त्यावर शिक्का पाहिजे!"

जर्मनांनी तोही मारून पाठवला. बिचारे!

*

आता उरली हजेरी. पंचाहत्तर टक्के भरली नाही तर टर्म ग्रँट नाही, म्हणजे वर्ष गेलंच, हा आमच्याकडचा देवापेक्षा मोठा नियम. तेजस्विनीला कॉलेजनेच पाठवलेलं, पण त्या काळात ती कॉलेजात नव्हती, हेही खरंच. मी जर्मनीकडून तिची हजेरी मागवली. त्यांनी कळवलं, आम्ही हजेरी घेत नाही.

"घेतच नाहीत?" प्राचार्य खुर्चीतून उठले. "मग तासाला करतात काय?"

त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडे निम्मा तास हजेरीतच जातो. हजेरीचे प्रमुख देवरे सर. वर्गात यायचे, मान खाली घालून रोल नंबर पुकारायचे, "येस सर" आलं की टिक करायचे, शिकवून थेट घरी. स्टाफरूममध्ये पाय ठेवायचे नाहीत, त्यामुळे कॉलेजात काय चाललंय याची त्यांना कधीच खबर नसायची. न आलेल्या मैत्रिणीच्या नावाने "येस सर" म्हणून टाकणं हे तर आमच्या पोरींच्या अंगवळणीच पडलेलं.

*

शेवटची मीटिंग प्राचार्यांच्या केबिनमध्ये. मी, तेजस्विनी, तिचे वडील. दारात तिची बाकावरची मैत्रीण रूपाली.

"ग्रेड झाले, विषय झाले, शिक्का झाला," प्राचार्य म्हणाले. "पण हजेरी नियमात बसत नाही. वर्ष जाणार. माझा नाइलाज आहे."

तेजस्विनी रडायला लागली. वडील खाली बघत बसले.

तरी रीत म्हणून प्राचार्यांनी देवरे सरांना बोलावलं. "सर, सिव्हिल थर्ड इयर, रोल नंबर सत्तावीस. मागच्या टर्मला हजेरी कमी आहे ना?"

"सत्तावीस?" देवरे सर दुखावल्यासारखे झाले. "छे हो सर! अत्यंत रेग्युलर मुलगी. माझा एकही तास बुडवलेला नाही. अशी मुलं हल्ली मिळत नाहीत!"

दारातली रूपाली दिसेनाशी झाली.

प्राचार्यांनी देवरे सरांकडे पाहिलं, मग तेजस्विनीकडे, मग माझ्याकडे. पेन काढलं. 'हजेरी पूर्ण' असं लिहून सही ठोकली.

वडिलांनी उठून देवरे सरांना हात जोडले. दारापर्यंत गेले, थबकले आणि लेकीला हळूच विचारलं,

"मंग जर्मनीला कोन गेलतं?"