बंडूभाऊंचं कोणाशी जुळतं?

आमच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात. किस्स्यांना अशी मुदत नसल्यामुळे ते साचत राहतात!

अवयव देणारा आणि घेणारा यांचं जुळतं की नाही, हे आम्ही रायपूरच्या या प्रयोगशाळेत तपासतो. मी इथली सर्वांत कनिष्ठ पदव्युत्तर विद्यार्थिनी. पुरानी बस्तीतले बंडूभाऊ डायलिसिसवर होते. त्यांना मूत्रपिंड हवं होतं आणि ते देण्यासाठी घरचे एकेक करून येत होते. हे सगळे किस्से त्याच घरचे.

*

पहिल्या आल्या सुनंदावहिनी, त्यांच्या पत्नी. रक्तगटच जुळेना. मी शक्य तितक्या सौम्य शब्दांत तसं सांगितलं.

"असं कसं? पत्रिका तर पुरी जुळली होती!"

बंडूभाऊ शांतपणे म्हणाले, "मले तवाच शंका आली होती!"

*

मग थोरले बंधू माधवराव. रक्तगट जुळला, पण पुढच्या तपासणीत त्यांनाच मधुमेह निघाला, त्यामुळे दाता म्हणून ते बाद. पथ्याचा कागद हाती पडताच ते उद्गारले, "किडनी द्याले आलो अन् जिलबी देऊन चाललो!"

*

उरली धाकटी बहीण. कुंदाताई दुर्गहून आल्या. त्यांच्या बाकीच्या तपासण्या समाधानकारक होत्या. शेवटची राहिली होती क्रॉसमॅच. भावाच्या रक्तातली प्रतिपिंडं बहिणीच्या पेशींवर हल्ला करतात का, हे त्यात पाहतात. मी ते सविस्तर समजावलं.

"म्हंजे याचं रक्त माह्याशी भांडते का, थे पाहून राहिले तुमी?"

"साधारणतः, हो."

"लहानपणापासून भांडते! मशीन कायले पाह्यजे?"

*

भांडण झालं नाही. मी निकाल सांगितला, "सध्याच्या नमुन्यांपुरती प्रतिकूल प्रतिक्रिया आढळलेली नाही."

"पोट्टे, जमते का नाही, थे सांग!" कुंदाताई म्हणाल्या.

"जमतं."

सुनंदावहिनींना रडू आवरेना. बंडूभाऊ मात्र उठून उभे राहिले.

"मी नाही घेत. बहिणीले द्याचं असते, तिच्याकडून घ्याचं नसते!"

आमच्या मॅडमनी समजावलं, वहिनींनी विनवलं; ते ऐकेनात. आमच्याकडे तीजेच्या सणाला भाऊ बहिणीला सासरहून माहेरी आणतो. बंडूभाऊंनी हा मान आजवर चुकवलेला नव्हता.

कुंदाताईंनी हात धरून त्यांना खाली बसवलं.

"दादा, तीजेले दरसाल मले माहेरी नेतो न तू?"

"हव."

"मंग यंदा थोडीशी आधीच ने. अन् वापस पोचवाची घाई नको करू!"