थोरल्या जावयाचा टेका

कुरुंद्याच्या मुंजाजीचा जळफळाट व्हायचा तो एकाच माणसामुळं, आणि तो माणूस नात्यातलाच होता. धाकटा साडू उकंडराव.

हळदीच्या पिकाच्या जोरावर पाहुण्यारावळ्यांत पहिली राजदूत फटफटी मुंजाजीनंच आणली होती. दोन वर्षं त्यानं पोटभर मिरवून घेतलं. मग उकंडरावानं बुलेट घेतली. नुसती घेतली असती तर मुंजाजीनं गिळलं असतं. पण त्यानं ती नांदेडला नेऊन पुढं वाऱ्याला काच लावली, पायाखाली रुंद पाट्या, फोमची जाड गादी, दोन्ही अंगांना कुलपाच्या पेट्या, एकीत कपडे अन् एकीत नट खोलायचे पाने, आणि मागं बसणाऱ्याच्या पाठीला गुबगुबीत टेका. या गाडीवर तो पार तुळजापूरला जाऊन आला आणि म्हणे अंग जराही आंबलं नाही. मुंजाजीचं मात्र वसमतहून घरी येईपर्यंत बूड बधिर व्हायचं.

एकदा त्याची बायको मंजुळाबाई भाकरी थापताना धाकट्या बहिणीविषयी सहज म्हणाली, "द्वारकाच्या पाठीला टेका हाय म्हणे." झालं. मुंजाजीचं जेवणातलं लक्षच उडालं.

धोंड्याचा महिना लागला होता. नरसीच्या सासऱ्यानं, सोनाजींनी, दोन्ही लेकी-जावयांना जेवायला बोलावलं होतं. आपण थोरले जावई. यंदा बायकोला तिच्या बापासमोर, माहेरच्या दारात, टेक्याच्या गाडीवरून उतरवायचं, एवढंच मुंजाजीनं मनाशी धरलं. लोहाराकडून सळई वाकवून घेतली, सावरीचा कापूस भरला, वर लाल रेक्झिन ताणलं आणि टेका उकंडरावाच्यापेक्षा वीतभर उंच केला.

आपल्याकडं बाई दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसते, हे तेवढं या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. मंजुळाबाईची पाठ टेक्याला लागलीच नाही. सळई बरगडीत रुतायला लागली. औंढ्यापर्यंत तिनं सोसलं. मग खाली उतरून म्हणाली, "तुमी या टेका घेऊन. मी यष्टीनं येते."

नरसीला तो एकटाच पोचला. सोनाजींनी गाडीभोवती फेरी मारली, टेका चाचपला, तोंडभरून कौतुक केलं आणि मंजुळा कुठंय म्हणून विचारलं. मुंजाजीला सांगणं जड गेलं.

बुलेट लिंबाखाली उभी होती. तिला टेका नव्हता.

"कवाच काढला," उकंडराव म्हणाला. "द्वारकाला बसता येईना. पडलाय माळवदावर."

याचाही मुंजाजीला रागच आला. काढून टाकण्यातही हा माणूस आपल्या पुढं.

यष्टीची वेळ झाली तसा उकंडरावच फाट्यावर निघाला. राजदूतवर आक्कांना तकलीफ व्हईल, असं तो साध्या मनानं म्हणाला, म्हणून ते जास्तच लागलं. थोड्या वेळानं मंजुळाबाई माहेरच्या दारात बुलेटवरून उतरली, बापाच्या देखत, पदर सावरत. आत जाता जाता नवऱ्याला हळूच म्हणाली, "गादी लई मऊ हाय वो."

पंगतीत मुंजाजीला मानाचा पाट मिळाला. ताटातले अनारसे त्याला गोड लागले नाहीत. हात धुऊन तो सरळ राजदूतपाशी गेला. परतीला तरी बायकोला मागं बसवायचं तर टेका उतरवायला हवा होता. लोहारानं नट असे आवळले होते की हातानं हलेनात, आणि सासऱ्याच्या घरात पाना नव्हता.

मुंजाजीनं फडक्यात नट धरून पुन्हा एकदा जोर लावून बघितला. मग लिंबाखाली गेला आणि खाली बघत म्हणाला, "उकंडराव, तुमच्या पेटीची जरा किल्ली द्या."