चकतीवरचं कुंकू

माझ्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी आचाऱ्यानं भात कमी पडणार म्हणून निरोप धाडला. आई जी तिकडं पळाली, ती पहिली पंगत उठेपर्यंत मांडवात आलीच नाही. नंतर भेटेल त्याला सांगायची, "लेकीचं लगीन समद्या गावानं बघितलं, म्या न्हाय बघितलं."

तरी बरं, शूटिंग केलं होतं आणि माहेरी सणसरला व्हीसीआर होता. कॅसेट लावली की झालं! पण आमचे हे वालचंदनगरला नोकरीला. नवं काही निघालं की यांना सगळ्यांच्या आधी हवं. "कॅसेटला बुरशी येते. दोन वर्षांत घरोघरी सीडीच असणार," म्हणत शूटिंगवाल्याकडून थेट सीडीच करवून घेतली. अख्ख्या कॉलनीत प्लेअर एकच, आमचा. डोंबलाचं घरोघरी!

सीडी आईकडं आधी पोचली, प्लेअर न्यायला आठ दिवस लागले. तेवढ्यात आईनं ती देव्हाऱ्यात ठेवली. ट्रॅक्टर असो की शिलाई मशीन, आमच्याकडं नव्या वस्तूला हळदीकुंकू लागतंच. आईनं ते चकाकत्या बाजूला लावलं, तीच सुलट वाटली म्हणून. चांगली पाच बोटं!

रविवारी हे प्लेअर मांडीवर घेऊन एसटीनं सणसरला आले, मीही बरोबर. आई ठेवणीतलं लुगडं नेसून टीव्हीपुढं बसली. अंतरपाट धरला, भटजींनी तोंड उघडलं आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले. ह्यांनी सीडी काढून रुमालानं अशी खसाखसा पुसली, की नंतर मांडवसुद्धा दिसेना.

"ऱ्हाऊ द्या जावईबापू," आई म्हणाली. "माझ्या नशिबातच न्हाय."

मला ह्यांचा असा राग आला! परतताना एसटीत मुद्दाम ह्यांच्यापासून लांबच्या सीटवर जाऊन बसले.

पुढच्या रविवारी हे मुकाट्यानं बारामतीला शूटिंगवाल्याकडं जाऊन त्याच शूटिंगची कॅसेट घेऊन आले. आईनं मंगलाष्टकं बघितली, पाठवणीपर्यंत सगळं बघितलं. मग भावानं चित्र चालू ठेवूनच कॅसेट मागं घेतली. लांब गेलेली जीप उलटी येऊन आमच्या दारात थांबली. मी खाली उतरले, आईच्या गळ्यात पडले आणि उलट्या पावलांनी घरात गेले.

"थांब, थांब! पुन्यांदा लाव तेवढंच," आई म्हणाली. तीनदा बघून झाल्यावर ह्यांच्याकडं वळली. "जावईबापू, तुमच्या चकतीत येती का लेक अशी माघारी?"

मला रडू आवरेना.